गठ्ठ्यातली लॉर्ना

सेनेटर एमेट टॅकेट यांचं भाषण ऐकत बसावं, असं त्यांच्या राज्यात फारसं कुणाला वाटत नसे. ते स्वतः मात्र आपल्या बोलण्यावर बेहद्द खूश असत. थोरल्या बहिणीची ओळख करून द्यायला समितीपुढे उभे राहिले, तेव्हा तर त्यांना स्वतःच्याच शब्दांनी गहिवर आला. "ही बाई आयुष्यभर खाणीत उतरून छतं तपासत आलीय. मालकांनी शिव्या घातल्या, धमक्या दिल्या, पण ही कुणाला बधली नाही!" एवढं बोलून त्यांनी रुमाल काढला. रुमाल काढायचं आदल्या दिवशीच ठरलं होतं, पण डोळे खरोखरच ओले निघाले, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

लॉर्ना टॅकेटचं नाव खाण-सुरक्षा मंडळासाठी आलं होतं. मंडळावर एक जागा विरोधी पक्षाच्या माणसाची असते, ती तिला मिळणार होती. एकट्या तिच्यावर मतदान असतं, तर एमेटनी दोन्ही अंगठे वर केले असते. पण सेनेटला हल्ली एकेकाचं नाव घ्यायला सवड कुठाय? राजदूत, वकील, उपसचिव, मंडळवाले, अशा नव्वदेक माणसांचा एक गठ्ठा बांधायचा आणि एका मतात पार करायचा. हवेत तर सगळे घ्या, नको असतील तर सगळेच नाकारा. आणि त्याच गठ्ठ्यात, त्याच मंडळासाठी, वॉरेन क्रँडल बसला होता.

क्रँडल खाणमालक. त्याच्या खाणीचं छत कोसळून माणसं गेली, तेव्हा एमेट टीव्हीवर गरजले होते, "या माणसासाठी माझा अंगठा वर गेला, तर तो झडून पडो!" वाक्य गाजलं, असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे त्यांच्याच प्रचार कचेरीनं ते टोप्यांवर छापून फुकट वाटलं होतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी बहीणभाऊ सेनेटच्या भोजनगृहात घेवड्याचं सूप पीत बसले होते.

"तू 'नाही' म्हणालास तरी आम्ही दोघंही मंजूर होणार," लॉर्ना म्हणाली. "त्यांच्याकडे मतं आहेत. क्रँडल आत येणार, आणि मी त्याच्या मानगुटीवर बसायला आत जातेय. मग तुझ्या 'नाही'चा उपयोग काय, सांग ना."

"तत्त्वाचा प्रश्न आहे गं."

"डोंबलाचं तत्त्व! टोप्यांचा प्रश्न आहे."

एमेटनी सूप ढवळलं. बाई खरं बोलायची, ही तिची लहानपणापासूनची वाईट खोड.

"हे बघ, एम," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "मला मताची गरज नाहीये. पण तिथे आमची नावं कुणी वाचत नाही. मी वर गॅलरीत बसणारेय. तुझं नाव पुकारतील, तेव्हा फक्त 'हो' म्हण. माझ्यासाठी म्हण. आजवर काही मागितलंय का मी तुझ्याकडे?"

नव्हतंच मागितलं. बाप गेल्यावर ती खाणीत गेली आणि हे कायदा शिकायला गेले. त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. ते 'बघतो' म्हणाले. राजकारणात इतकी वर्षं काढल्यावर सख्ख्या बहिणीलाही 'बघतो' म्हणायची सवय लागते.

मतदान सुरू झालं, तेव्हा साहेब सभागृहामागच्या पक्षाच्या खोलीत लपून बसले होते. त्यांची मदतनीस कॉनी दाराशी उभी होती.

"पोटात दुखतंय म्हणून कळवलं तर?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वेळी तेच कळवलं होतं, सर."

"मग दात?"

"सर, गैरहजर राहिलात की 'टॅकेट पळाले' असं छापतील. जाऊन काय ते एक करून या ना!"

पोरगी बोलते फार, पण बरोबर बोलते, असं मनाशी म्हणत ते उठले. सभागृहात पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी ठरवून टाकलं होतं: लॉर्नासाठी 'हो'. छाती थोडी फुगलीसुद्धा. वर पाहिलं. हिरवा कोट घालून लॉर्ना पुढच्या रांगेत बसली होती. मत द्यायला लेखनिकेच्या टेबलापाशी जाऊन अंगठा वर किंवा खाली केला की झालं, एका क्षणाचं काम. एमेटनी हात वर न्यायला घेतला, आणि समोर टोप्यांचा समुद्र दिसू लागला. मग पुढच्या वर्षीची निवडणूक दिसली. मग आपलीच चित्रफीत विरोधक पुन्हापुन्हा दाखवताहेत असं दिसलं. अंगठा खाली गेला.

"मिस्टर टॅकेट, नाही," लेखनिका मोठ्यानं म्हणाली.

साऱ्या मतदानात टॅकेट हे आडनाव त्या सभागृहात पुकारलं गेलं, ते असं. गठ्ठा अर्थातच आरामात मंजूर झाला.

ते धावतच वरच्या मजल्यावर गेले. लॉर्ना गॅलरीबाहेर उभी होती, आणि शेजारी तिची जड पिशवी हातात धरून वॉरेन क्रँडल.

"अगं, ते तुझ्याविरुद्ध नव्हतं," एमेट धापा टाकत म्हणाले. "ते त्या गठ्ठ्याविरुद्ध होतं!"

"ठाऊक आहे मला. समितीत किती छान बोललास. तेव्हा मी एकटी होते ना! चारजणांत गेले की तुला मी दिसतच नाही."

क्रँडल घसा खाकरत म्हणाला, "सेनेटर, तुम्ही बोललात तसे वागलात. मला आदर वाटतो तुमचा." त्या दिवशी एमेटना शाबासकी दिली, ती एवढ्या एकाच माणसानं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"याला मी चांगला रडवणारेय," लॉर्ना त्याच्या देखतच म्हणाली, "आणि ते त्याला माहीत आहे. तरी निकाल लागल्यावर माझा हात हातात घेतला, तो यानंच. माझं तिथे दुसरं कोण होतं?"

एमेटनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. या वेळी रुमाल आठवला नाही.

"लॉर्ना, मी शपथविधीला येऊ?"

"ये की. सगळ्यांनाच बोलावलंय," ती म्हणाली. "मागे कुठेतरी उभा राहा."

ते गेले, आणि मागेच उभे राहिले.