सात जण पॅकिंगला

आमच्या शेडमध्ये आम्ही सात माणसं. तारेची जाळी, खिळे आणि बांधायची तार एवढं बनवतो. विम्याच्या फॉर्मवर मालकांनी सातही जणांच्या नावापुढे एकच काम लिहिलं होतं: पॅकिंग.

"मग मशीन कोण चालवते?" मी विचारलं.

"ते त्यायनं विचारलंच नाही," आनंदराव म्हणाले.

आनंदराव म्हणजे आमचे मालक. नेहरू नगरहून इथे सुपेल्याला, दुर्गजवळ, स्कूटरवर येतात. मनाने चांगले, पण शहाणपणा करायला गेले की फसतात. हा विमा कामगाराला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून असतो. ज्याचं काम जास्त धोक्याचं, त्याचा वर्ग वरचा आणि हप्ता मोठा. पॅकिंगचा वर्ग सगळ्यात खालचा. म्हणून सातही जण पॅकिंगला.

माझ्या बाबतीत अजून एक कारण होतं. मी एकसष्ट वर्षांचा. आनंदराव म्हणाले, "विष्णुभाऊ, साठीच्या वरचा माणूस जाळीच्या मशीनवर दिसला तर विमावाले म्हणतीन, घरी बसवा. मग मले बसवाच लागन. तुमी पॅकिंगलेच आहे, ध्यानात ठेवा."

मला घरी बसायचं नव्हतं. फेब्रुवारीत माझी बायको वच्छला गेली. तेव्हापासून घरी मला एकच काम आहे. दूध उतू घालवायचं आणि मग ओटा पुसायचा. रविवारी ते दोनदा होतं. शेडमध्ये निदान माणसांचा आवाज असतो.

खरं पॅकिंग वच्छलाच करायची. एकोणीस वर्षं, माझ्या मशीनच्या बरोबर समोरच्या टेबलावर. जाळीच्या मशीनमध्ये तार जिथे पीळ घेते तिथे बोट सहज जातं. त्यावर लोखंडी जाळीचा गार्ड होता, पण तार अडकली की दर वेळी तो उघडावा लागायचा, म्हणून आम्ही काढून टाकला. एकोणीस वर्षं माझ्या मशीनला गार्ड नव्हता, वच्छला होती. माझा हात पुढे सरकला की ती मान वर न करता ओरडायची, "हात!" आणि मी हात मागे घ्यायचो. फेब्रुवारीपासून माझं बोट दोनदा थोडक्यात वाचलं आहे. हे मी आनंदरावांना सांगितलेलं नाही.

विम्याच्या मॅडम तपासायला येणार होत्या. आनंदरावांनी त्यांना मुद्दाम सतरा सप्टेंबरला बोलावलं.

"विश्वकर्मा पूजा," ते आम्हाला म्हणाले. "मशीन बंद, हार घातलेल्या. त्या दिवशी कोणी मशीन चालवत नाही. त्या पाहतीन काय? बुंदी खातीन, सही करतीन, जातीन."

मॅडमचं नाव प्रणिता. दुर्गच्याच, तिशीच्या, पायात जाड बूट. त्यांनी बुंदी खाल्ली, पण सही केली नाही.

"सातही जण पॅकिंगला?"

"हो."

"मग मशीन?"

"ऑटोमॅटिक आहे," आनंदराव म्हणाले.

मॅडमनी खिळ्याच्या मशीनकडे पाहिलं. तिच्या पॅडलला सायकलची ट्यूब बांधली होती.

"बरं. पूजा आहे, मशीन चालवू नका. रिकाम्या हातानं दाखवा, पॅकिंग कसं करता ते. एकेक जण या."

आनंदरावांच्या हातातली बुंदी तशीच राहिली.

पहिला राजकुमार. मरोद्याचा पोरगा, दोन मुलांचा बाप, आठ वर्षं खिळ्याच्या मशीनवर. त्याने हवेतला डबा डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताने त्यात खिळे भरायला लागला. हात ठीक होते. पण उजवा पाय आपोआप पॅडल मारत होता, आणि दर दोन-तीन सेकंदांनी तो मान खाली घालत होता.

"मान कावून खाली करून राहिले?" मॅडमनी विचारलं.

"खिळा आता है ना, मॅडम!" तो मोठ्याने ओरडून म्हणाला. त्या मशीनपाशी कोणी हळू बोलत नाही.

"पॅकिंगमध्ये?"

"एखादा उडते कधी कधी," आनंदराव म्हणाले.

"मग चष्मा?"

"है ना. घर पे. उसमें पेपर पढ़ता हूं."

दुसरा नत्थू. तो तार ओढायच्या मशीनवर असतो. जाड तार छोट्या भोकातून ओढून बारीक करायची, असं ते काम. त्याला सांगितलं होतं की एक बंडल उचल, गोणपाटात गुंडाळ, बस. त्याने बंडल उचललं, टोक पक्कडीत धरल्यासारखं धरलं आणि मागे मागे जाऊ लागला. सहा पावलं गेला. वाटेत उभे असलेल्या आम्ही सगळ्यांनी पाय उचलून ती हवेतली तार ओलांडली. माझाही पाय उचलला गेला, ते मला नंतर कळलं.

मग नत्थूचा हात झटकला. रोज झटकतो तसाच.

"तुटली!" तो ओरडला.

आम्ही सातही जण खांबाआड गेलो. तुटलेली तार कुठे येईल सांगता येत नाही, म्हणून आधी पळायचं. आनंदराव टेबलाखाली गेले. मॅडमही रजिस्टर डोक्यावर धरून खाली बसल्या.

तार नव्हतीच.

"पॅकिंग," मॅडम उठत म्हणाल्या, "चांगलंच जोरात चालते तुमचं. पाणी द्या थोडं."

माठाजवळ ग्लास पालथे घातलेले होते. मॅडमनी एक उचलला आणि खालच्या लोखंडी जाळीकडे बघत राहिल्या. त्या जाळीवर छोटी पट्टी होती, आणि पट्टीवर मशीनचा नंबर.

"हे काय आहे?"

"ग्लास निथळत ठेवायले," नत्थू म्हणाला.

"हा जाळीच्या मशीनचा गार्ड आहे. त्या मशीनवर कोण असते?"

नत्थूने छताकडे पाहिलं. राजकुमारने मान खाली घातली, या वेळी खिळ्याशिवाय. आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईने म्हणाले, "आता विष्णुभाऊ पॅकिंग दाखवतीन!"

मी वच्छलाच्या टेबलापाशी गेलो. पॅकिंग मी कधी नीट केलेलं नाही. पण समोर बसून पाहिलेलं आहे, आणि दुसरं काही आठवतही नव्हतं. तिचं आठवलं तसं केलं.

टेबलाच्या पायाखालची कागदाची घडी अंगठ्याने आत सरकवली. गोणपाट झटकलं, तोंड फिरवलं आणि शिंकलो. बंडल ओढून घेत त्याला म्हणालो, "ये इकडं, मुडद्या." तारेची दोन्ही टोकं आत वळवली. बाहेर राहिली तर कोणाला लागतात. तीन ठिकाणी बांधलं. प्रत्येक गाठीवर एक चापट मारली. मग कमरेला पदर खोचला. माझ्या कमरेला पदर नाही, हे मला खोचून झाल्यावर समजलं.

राजकुमार फिस्सकन हसला. मी थांबलो नाही. दुसरं बंडल घेतलं आणि मान वर न करता ओरडलो, "हात!"

नत्थू तेवढ्यात जाळीच्या मशीनवरचा हार सरळ करत होता. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

मग कोणी हसलं नाही.

"कोणाकडून शिकले, काका?" मॅडमनी विचारलं.

"घरची होती. इथंच बसत होती. फेब्रुवारीत गेली." आणि आता बोलतोच आहे तर म्हणून पुढे सांगितलं, "मी जाळीवर असतो, मॅडम. पण मले घरी नका पाठवू."

आनंदरावांनी डोळे मिटले.

"घरी पाठवणारी मी कोण?" मॅडम म्हणाल्या. "कोण काय काम करते ते मी लिहिते, बस. आता या टेबलावर कोण बसते?"

"कोणीच नाही."

"उद्यापासून तुमी बसान काय?"

"बसन."

"मग तसं लिहिते. पण मी न सांगता येईन. जाळीवर दिसले तर खोडून टाकीन." मग त्या आनंदरावांकडे वळल्या. "तुमच्याकडं पॅकिंग येणारा माणूस एकच आहे. बाकी सहा मशीनवर. गार्ड लावा, चष्मे आणा. आणि ग्लासासाठी दुसरं काही घ्या."

"मॅडम, बुंदी अजून घ्या ना," आनंदराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वच्छलाच्या स्टुलावर बसलो. खरी तार हवेतल्या तारेसारखी ऐकत नाही. माझं पहिलं बंडल उचलताच सुटलं आणि राजकुमारच्या पायाभोवती गोल बसलं.

"काका, कल तो क्या मस्त बांधा था!" तो म्हणाला. "हवेतलंच पाठवू काय ट्रकमध्ये?"

"तू आपलं काम पाह्य," मी म्हणालो आणि टोकं परत आत वळवायला घेतली.

जाळीच्या मशीनवर आता राजकुमार असतो. त्यामुळे खिळे आठवड्यातून तीनच दिवस होतात. गार्ड लावला आहे, ग्लास खिडकीत निथळतात. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं एक बंडल पक्कं बसलं. त्याच्या गाठीवर मी चापट मारत होतो, तेवढ्यात राजकुमार पुढे वाकला.

"हात!" मी ओरडलो.

त्याने दचकून हात मागे घेतला आणि मग चिडला. "काका, गार्ड आहे ना! हात जातच नाही आत!"

"तरी," मी म्हणालो, आणि दुसरं बंडल घेतलं.