पसंतीचा रकाना

श्यामराव सव्वीस वर्षं रायपूर स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर बसत होते आणि फॉर्म कसा भरायचा हे जगात फक्त आपल्यालाच कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. गॅसचा असो की राशनचा, घरातला कुठलाच फॉर्म दुसऱ्याने भरलेला त्यांना खपत नसे. त्यामुळे लेक देवश्रीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॉलेजांच्या पसंतीची यादीही त्यांनीच भरली. तात्यापाऱ्यात भार्गवच्या सायबर कॅफेत दोन तास ठाण मांडून बसले, पासवर्ड स्वतः ठरवला, कुणाला सांगितला नाही, आणि यादीची छापील प्रत देवापुढे ठेवून दुपारच्या पाळीला निघून गेले.

अडीच वाजता देवश्रीने ती प्रत उचलली आणि पुन्हा पुन्हा वाचली. पहिल्या नंबरवर शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजचं कॉम्प्युटर होतं. तिला हवं असलेलं सरकारी कॉलेजातलं मेटलर्जी सातव्या नंबरवर होतं. आणि संध्याकाळी पाचला यादी आपोआप लॉक होणार होती.

मेटलर्जीचं वेड तिला अनंतरावांनी लावलं. हे तिचे मामा, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दहावीनंतर एकदा त्यांनी तिला भट्टी दाखवली होती. वितळलेलं लोखंड साच्यात उतरताना पाहिलं आणि पोरगी घरी येऊन रात्रभर त्याच्याबद्दलच बोलत राहिली. तेलीबांध्याच्या पुढे राज्याची नवी राजधानी उभी राहत होती, रोज नवा पूल, नवी कचेरी, आणि त्यासाठी सळयांचे ट्रक तिच्या डोळ्यांसमोरून जात होते. हे लोखंड आपल्याला कळलं पाहिजे, असं तिला मनापासून वाटायचं. सरकारी कॉलेजातून मागच्या वर्षी मेटलर्जीची बहुतेक मुलं आसपासच्या कारखान्यांत लागली, हेही तिने सीनियर मुलांना विचारून पक्कं केलं होतं.

खासगी कॉलेजही ती बघून आली होती. तिथे दारातच नोकरी लागलेल्यांच्या फोटोंचा भला मोठा फलक होता. देवश्रीने तो नीट पाहिला, तर एकच चष्मेवाला मुलगा तीन कंपन्यांच्या नावाखाली तीनदा हसत होता. चौथ्या ओळीत तो पुन्हा सापडला तेव्हा तिने मोजणं सोडून दिलं.

"आई, बाबांनी हे उलटं काहून भरलं?" तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"उलटं नाही वं," विनोदिनीबाई पोळ्या लाटत म्हणाल्या. "तुहे बाबा म्हणत होते, पहिले कन्फर्म घ्याव, मंग वेटिंगले लागाव. मेटलर्जीचा काही भरोसा नाही म्हणे."

देवश्रीने कपाळाला हात लावला. रेल्वेत शहाणी माणसं तसंच करतात. आधी पॅसेंजरचं पक्कं तिकीट काढून ठेवायचं, मग एक्सप्रेसच्या वेटिंगला नाव लावायचं. पण इथे यादी वरून खाली वाचली जात होती. गुणानुक्रमाला जी पहिली जागा बसेल ती दिली की काम संपलं. खालच्या सहा ओळी कुणी वाचणारही नव्हतं. मागच्या वर्षी मेटलर्जी दोन हजार शंभरव्या क्रमांकावर बंद झालं होतं आणि तिचा क्रमांक होता दोन हजार बावीस. म्हणजे हाता-तोंडाशी आलेला घास बाबांनी फॉर्म भरण्याच्या हुशारीत बाजूला सारला होता.

ड्युटीवर श्यामरावांचा मोबाइल बंद असायचा. देवश्रीने आईची स्कूटी काढली.

आरक्षण केंद्रात पोचली तेव्हा सव्वातीन झाले होते आणि बाबांच्या खिडकीपुढे अठरा माणसं होती. मधून घुसायची सोय नव्हती. एकदा त्यांनी भर सणात, तेही नागपूरहून आलेल्या, स्वतःच्या सासऱ्यांना रांगेच्या शेवटी पाठवलं होतं. सासरे आजही ते विसरले नव्हते. देवश्री एकोणिसावी उभी राहिली.

घड्याळ पळत होतं आणि रांग मात्र सुस्त होती. एका बाईला सात जणांचं जगन्नाथपुरीचं तिकीट हवं होतं आणि सातांपैकी दोघांची वयं तिला आठवत नव्हती. देवश्री सारखी घड्याळाकडे बघत होती, पण अंगात एक मजेदार हुशारीही चढली होती. तिने टेबलावरची आरक्षणाची कोरी चिठ्ठी घेतली आणि भरायला लागली.

चार वाजून वीस मिनिटांनी तिची पाळी आली.

"फॉर्म," श्यामराव मान वर न करता माइकमधून म्हणाले.

तिने चिठ्ठी आत सरकवली. नाव देवश्री, वय अठरा, गाडी मेटलर्जी. श्यामरावांचं पेन सवयीने खाली उतरत गेलं आणि एका जागी अडलं.

"पसंतीचा रकाना रिकामा काहून ठेवला?"

"तो तुम्ही भरून टाकला न, बाबा."

श्यामरावांनी वर पाहिलं. पोरगी समोर पाहून आधी दचकले, मग रागावले. "ड्युटीवर आहो मी. घरी बोलू."

"पाच वाजता लॉक होऊन राहिलं. बाबा, एकच सांगा. लोअर बर्थ पाहिजे असन त माणूस फॉर्मवर काय लिहिते?"

"लोअर."

"अप्पर सहज भेटते म्हणून अप्पर लिहिते काय?"

"अप्पर लिहिलं त अप्परच भेटन. मंग त्याले लोअर कोण..." श्यामराव बोलता बोलता थांबले.

"तसंच आहे ते. पहिल्या नंबरचं भेटलं का मशीन खाली पाहतच नाही. मेटलर्जी वर ठेवा. ते नाही भेटलं त कॉम्प्युटर खाली आहेच न. खाली ठेवलं म्हणून पळून नाही चाललं."

माइक चालूच होता. अख्खी रांग ऐकत होती. मागून कुणीतरी "भैया, जल्दी करो" म्हणालं, तर बाजूला अजून तिकिटं तपासत उभ्या असलेल्या पुरीवाल्या बाईने त्याला दटावलं, "बिटिया की बात होने दो."

श्यामरावांचा चेहरा उतरला. लोकांची नावं, वयं, तारखा ते बिनदिक्कत दुरुस्त करत, पण पसंतीच्या रकान्याला त्यांनी सव्वीस वर्षांत कधी पेन लावलं नव्हतं. तो ज्याचा त्याने भरायचा, हा त्यांचा धर्म होता. आणि स्वतःच्या पोरीचा मात्र तिला न विचारता भरून मोकळे झाले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी चिठ्ठी उलटी केली, मागे पासवर्ड लिहिला आणि ती काचेखालून बाहेर ढकलली.

"चुकलं माहं," ते म्हणाले. "जाय, तूच भर. अन लॉक कराच्या पहिले एकदा वाचून घेजो."

मग घसा खाकरून त्यांनी पुढच्या माणसाचा फॉर्म मागितला.

देवश्री भार्गवकडे पोचली तेव्हा पावणेपाच झाले होते. नेट कासवाच्या चालीने चालत होतं. "दीदी, घबराओ मत," भार्गव म्हणत होता आणि स्वतःच घाबरून माउस आपटत होता. तिने सातवी ओळ उचलून पहिल्या जागी नेली, सगळी यादी दोनदा वाचली, आणि पाचला सहा मिनिटं असताना लॉक केलं. आता काहीही होवो, तिला वाटलं, माझ्या हाताने भरलंय.

अकराव्या दिवशी सकाळी प्रवेश मिळालेल्यांची यादी लागली. बाबा त्या आठवड्यात सकाळच्या पाळीला होते. देवश्री धावत स्टेशनवर गेली, तेव्हा रांगेत चौदा माणसं होती. ती पंधरावी उभी राहिली. पाळी आल्यावर तिने नवी चिठ्ठी आत सरकवली. या वेळी पसंतीच्या रकान्यात तिच्या अक्षरात मेटलर्जी लिहिलं होतं आणि चिठ्ठीला जागा मिळाल्याचा कागद टाचला होता.

श्यामरावांनी तो दोनदा वाचला. "कन्फर्म," ते हळूच म्हणाले, पण माइक चालू होता आणि ते सगळ्या केंद्राला ऐकू गेलं.

मग त्यांनी सव्वीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. भरल्या रांगेसमोर "खिडकी बंद"ची पाटी लावली आणि मागच्या दाराने बाहेर आले. रांगेत कुरकुर सुरू झाली.

"पाँच मिनट रुको भैया," श्यामराव देवश्रीचा हात धरून रांगेला म्हणाले. "बेटी को पेड़ा खिलाके आता हूँ."