खिळ्यावर टांगलेला शब्द

मी नवसाचा नारळ बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, नुसता खडखडतोय. सालेकशाजवळच्या एका गावात, गीताबाईंच्या देवघराशेजारी एक खिळा आहे, त्याला मी टांगलेला आहे. अंगावर लाल कापड आहे, पण उदबत्तीच्या धुरानं त्याचा लाल रंग केव्हाच विटला. टांगून टांगून मी थकलोय. आज मला खाली उतरवणार आहेत, म्हणून जाता जाता थोडं सांगतो.

माझा जन्म इकडचा नाही. इकडे धान आणि मोहाची झाडं. मी दूर दक्षिणेकडून पोत्यात कोंबून, ट्रकमध्ये भावंडांच्या अंगावर आदळत आलो. आमचं नशीब बाजारात ठरतं. कुणी चटणीत जातो, कुणी नवरीच्या ओटीत, कुणी नव्या मोटरसायकलच्या चाकापुढे फुटतो. झटपट काम, झटपट सुटका. मलाही वाटलं होतं, पिशवीत पडलो की संध्याकाळपर्यंत मोकळा.

गीताबाईंनी मला कानाशी धरून हलवलं. आत पाणी खळखळलं.

"हाच द्या," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी मला कापडात बांधलं आणि खिळ्याला टांगलं. त्यांचे यजमान चैतराम खाटेवर बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होते.

"आता कायले नवस? बोअरले पानी लागला, पोराचा लगन झाला. आता का मले बदलून मागतेस देवीले?"

"तुमाले कोन घेईल जी बदल्यात?" गीताबाई म्हणाल्या आणि गाठ घट्ट केली.

या घरातले आधीचे सगळे नवस दुसऱ्यांसाठी होते. बोअरसाठी, पोरासाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी. स्वतःसाठी बोललेला पहिला नवस मी. सगळे आपापल्या कामाला गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच बोलल्या, तेव्हा मला कळलं.

गीताबाईंना गुडाखूची सवय होती. तंबाखू नि गुळाचा काळा, चिकट लेप. छोट्या डबीत मिळतो, बोटानं हिरड्यांवर घासायचा. माहेरी धानाच्या रोवणीला जायला लागल्या, तेव्हा बायकांनीच बोटावर दिला होता. मग तो सुटलाच नाही. रोज पहाटे आधी डबी, मग खळखळून चूळ, मग अंघोळ, मग देव. ज्या तोंडानं आरती म्हणायची त्याच तोंडात हे, याची त्यांना लाज वाटायची. पण लाजेनं सवय जात नाही.

एके दिवशी त्यांची नात खुशी, अजून शाळेतही न जाणारं लेकरू, ती डबी घेऊन ओट्यावर बसली. हिरड्यांवर बोट घासलं नि ओरडली, "पाहा, मी आजी झाली!" सगळे हसले. थोड्या वेळानं पोर चक्कर येऊन अंगणात ओकली. गीताबाईंनी तिचं तोंड धुतलं, आणि त्याच आठवड्यात बाजारातून मला आणलं.

"माय बम्लेश्वरी," त्या म्हणाल्या होत्या, "जन्मभर बोट नाई लावनार. हे सुटलं का हा नारळ डोंगरगडावर तुझ्या पायरीशी फोडीन."

जन्मभर! तो शब्द ऐकूनच माझ्या पोटातलं पाणी डचमळलं होतं.

डबी परसात फेकली गेली. रोवणी आली नि नवी डबी आली. पण बाई खोटं बोलणाऱ्या नव्हेत. चुकल्या की मला खाली उतरवायच्या, गाठ सोडायच्या, डोळे पुसायच्या, पुन्हा बांधायच्या. गुढीपाडव्यापासून सोडते. हरतालिकेपासून सोडते. घट बसले की सोडते. माणसांना सुरुवात करायला सण लागतो, मोडायला साधा मंगळवारही चालतो, हे मी खिळ्यावरून कितीदा पाहिलं!

एकदा पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत डबी घरात आली नाही. मला वाटलं, आता फुटलो. त्यांनी मला उतरवलंसुद्धा. मग मांडीवर घेऊन बसल्या.

"फोडला अन् उद्याच पुन्हा बोट गेलं तं? देवीले मी खोटी पडन."

आणि परत खिळ्यावर. बघा, केवढा पेच! जन्मभराचं पुरं झालं हे जन्म संपल्याशिवाय कसं कळणार? मग मी फुटायचं कधी?

पुढे नात्यातल्या कुणाच्या तेरवीला बायकांच्या घोळक्यात डबी फिरली, आणि गीताबाईंचं बोट तिच्यात गेलं. या वेळी त्यांनी गाठ सोडली नाही की बांधली नाही. मला नदीत सोडायचं ठरवून पिशवीत टाकलं. तेवढ्यात थोरल्या जाऊ, सुशिलाबाई, ताकाचं भांडं परत करायला आल्या.

"कुठं निघाली वो?"

गीताबाईंनी सगळं सांगितलं. "माझ्यानं नाई होत, बाई. नारळबी सडला असंन. हलवून पाहा, पानीच नाई."

सुशिलाबाईंनी मला हलवलं. खड्, खड्.

"सडला असता तं वास आला असता. हा गोटा झाला. पानी आटलं अन् खोबरं मोकळं झालं, एवढंच." मग म्हणाल्या, "पन तू जन्मभराचा शब्द काऊन दिला? रोवताना आपन कसं करतो? वाकून मागं मागं सरकतो. रोवलेलं डोळ्यापुढं दिसते, उरलेली बांधी पाठीमागं राहते. वळून वळून पाहत राहिलं तं कंबरच तुटन ना? एक ओळ लाव अन् सरक."

"अन् नवस?"

"अख्खी बांधी झाल्यावरच जेवतेस का? दुपारी बांधीच्या धुऱ्यावर बसून शिदोरी खातेसच ना! तसाच फोड. मग पुन्हा उतर चिखलात."

दुसऱ्या दिवसापासून गीताबाई पहाटे माझ्यापुढे उभ्या राहू लागल्या. सवयीनं डबी शोधणारं तेच बोट कुंकवात बुडवायच्या, माझ्यावर टेकवायच्या आणि म्हणायच्या, "आजची ओळ, माय." बस्स, एवढंच. कधी ओळ चुकायची. मग रडत बसायच्या नाहीत, पाडव्याची वाटही बघायच्या नाहीत, पुढच्या पहाटे पुन्हा कुंकू. हळूहळू चुकणं विरळ झालं आणि माझ्या कपाळावर कुंकवाचा जाड थर बसला. खुशीही आता आजीचं पाहून बोट कुंकवात बुडवते.

आज घट बसलेत. थोड्या वेळानं सालेकशाहून गाडी आहे, डोंगरगडला. गीताबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलंय. मला उतरवलं, कानाशी हलवलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

इतक्यात चैतराम बाजारातून आले. हातात नवा नारळ.

"हा कायले आनला? माझा आहे ना!"

"खिळा रिकामा राहते म्हनून." त्यांनी अंगणात जाऊन खर्रा थुंकला, चूळ भरली, आत येऊन खाली मान घातली. "माझ्या नावाचा बांध."

गीताबाईंनी पेटीतून लाल कापड काढलं आणि नारळ त्यांच्याच हातात दिला. चैतरामांनी डोळे मिटले.

"हे देवीमाय, आता जन्मभर..."

"थांबा जी," गीताबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "दुपारच्या जेवनापर्यंत म्हना."

त्या नव्या नारळाचं, त्या पोराचं पाणी मी पिशवीतून ऐकतोय. किती खळखळतंय! बाळा, घाबरू नकोस. दिवस जातील, पाणी आटेल, आणि एक दिवस तूही खडखडशील. ते सडणं नव्हे.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्याही घरी असा एखादा शब्द खिळ्यावर लटकला असेल, तर वर्षातून एकदा गाठ सोडून रडू नका. रोज नुसतं बोट लावत जा. आम्ही थकतो, पण वाट पाहतो.

गाडीची वेळ झाली. येतो.