वॉटर्लू कुठल्या पुस्तकाने लढायचं

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, ते पोलादपूरच्या मित्राशी, बुद्धरत्नकाकांशी, घोडदळ वळवण्यावरून भांडत होते.

महाडच्या आमच्या घरात ओटीवर फळी टाकून तिच्यावर हिरवी चादर अंथरलेली असे. चादरीवर बोटाच्या पेराएवढे चारशे बारा सैनिक, नेपोलियनचे आणि इंग्रजांचे. बाबा चित्रकलेचे मास्तर. एकेकाच्या कोटाची बटणं त्यांनी भिंगातून रंगवली होती. पुराच्या वर्षी त्यांनी आधी दोन्ही सैन्यं माळ्यावर नेली, मग मला हाक मारली. इतकं असून तीन वर्षांत एकही लढाई झाली नव्हती, कारण ती कुठल्या नियमांनी खेळायची हेच ठरत नव्हतं.

बाबांचं नियमांचं पुस्तक एकशे नव्वद पानांचं. काकांचं बारा पानांचं, पोलादपूरला झेरॉक्स काढलेलं. एकमत फक्त एका गोष्टीवर होतं: मैदानात हवामान तेच, जे खिडकीबाहेर असेल. म्हणजे जून ते सप्टेंबर नेपोलियनच्या तोफा बंद.

"रत्ना, तुझ्या पुस्तकात सैनिक घाबरतच नाहीत. माझ्यात घाबरण्याच्या सात पायऱ्या आहेत."

"मास्तर, सातवी पायरी येईस्तोवर युद्ध संपून पोरं शाळंत जातील!"

बाबा माझ्याकडे वळले. "सुप्रिया, तुझं वाचन दांडगं. दोन्ही वाच आणि निकाल दे. तू म्हणशील ते."

बाबा शाळेत असताना दोन्ही पुस्तकं मी केव्हाच वाचली होती, दोनदा. निकालही तयार होता.

"तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले. "मला कपडे वाळत घालायचेत."

"ह्या पावसात?" काकांनी विचारलं.

सोमवारी सकाळी चहा घेऊन बाबांना उठवायला गेले. ते उठले नाहीत.

दीड महिन्याने काका पोलादपूरहून आले. झेरॉक्स आणली नव्हती.

"मास्तरांच्याच पुस्तकानं लढू. मी हरलो असं समज. तू फ्रेंच घे."

फळीच्या ज्या बाजूला बाबा बसत तिथे मी बसले आणि पहिल्याच खेळीला एक पलटण डावीकडे वळवायचं ठरवलं. त्यासाठी पान एक्केचाळीस. तिथे चढणीचे दोन गुण वजा, अधिकारी जवळ असल्यास एक जमा आणि एक फुली. फुलीने पान एकशे बारावर पाठवलं, त्याने परिशिष्टात, आणि परिशिष्टाने परत एक्केचाळीसवर.

"पलटण वळली का गो?"

"अर्धी."

"अर्धी कशी वळंल?"

"पुस्तकात तसंच आहे."

दोन तासांनी ती पूर्ण वळली. तेवढ्यात बाहेर सर आली, तोफा बंद झाल्या आणि ओल्या दारूचं कोष्टक उघडावं लागलं. त्यात भागाकार होता. काकांनी तो स्वतःच्या तळहातावर केला. उत्तर आलं की माझी पलटण घाबरून पाचव्या पायरीवर गेली आहे, म्हणजे पळत सुटली आहे. तिच्यावर कुणी हल्ला केलेला नव्हता. समोरचे इंग्रज सकाळपासून जागचे हलले नव्हते.

"कुणाला घाबरली ही?" मी विचारलं.

"आपल्याला काय कल्पना? मास्तरांनी इचार केला असंल." काकांनी कपाळावरचा घाम पुसला. "झकास नियम हायत. मीच येडा. तीन वर्सं उगाच वाद घातला." ते भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघत खोटं बोलत होते, आणि त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. "हाय ना गो? तूच सांग आता."

पळालेले सैनिक मी एकेक करून चादरीवरून उचलले. मग मीही फोटोकडे पाहिलं.

"बाबा, तुमचं पुस्तक भिकार आहे."

काकांच्या हातून फासा पडला.

"त्या रविवारी मला ते माहीत होतं. तुम्ही हिरमुसाल म्हणून नाही सांगितलं, असं मी रोज स्वतःला समजावते. ते खरं नाही. निकाल लागला की तुम्ही दोघं खेळायला बसला असता, आणि मला पुन्हा कुणी काही विचारलं नसतं. मला तुमच्याशी खेळायचं होतं, बाबा. कुठल्याही पुस्तकाने."