अमीनाबीने मागितलेला फळा

सोनारांच्या दुकानातली धूळ धुवायची आणि तिच्यातलं सोनं काढायचं, हा जमशेदच्या घराचा तीन पिढ्यांचा धंदा. अशा लोकांना झारेकरी म्हणतात. कारंज्याच्या सराफा ओळीतला केर, भट्टीची राख, झिजलेली पायपुसणीसुद्धा जमशेद गोळा करून आणायचा, जाळायचा, कुटायचा, चाळायचा. धूळ धुणं मात्र त्याच्या बायकोचं, अमीनाबीचं. ती पाण्यात परात अशी झुलवायची की माती निघून जाई आणि तळाशी पिवळी रेघ उरे. पिठासारखं बारीक सोनं तिच्याच हाताला सापडायचं. जमशेदने परात धरली की ते मातीसोबत वाहून जाई.

शेवटच्या दोन वर्षांत तिची बोटं आखडली. तेव्हा जिल्ह्यातल्याच मालेगावला दिलेल्या लेकीने, दुआने, मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. थोडा उतरता ठेवलेला काळा फळा, त्यावरून वाहणारा पाण्याचा पातळ पदर. वरून चिमूटचिमूट माती सोडली की हलकी माती खाली उतरते आणि सोनं जागीच बसून राहतं. अमीनाबीने तो चारदा पाहिला.

“दुआचे अब्बा, असा एक फळा करून द्या मले,” ती म्हणाली. “हात लय दुखून राह्यले.”

जमशेद हो म्हणाला. मग लग्नसराई आली, मग पावसाळा, मग त्याचं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं. थंडीत अमीनाबी तीन दिवसांच्या तापात गेली. फळा राहूनच गेला.

उन्हाळ्यात दौलतराव सोनारांनी निरोप पाठवला. ते दुकान बंद करत होते. फरशीच्या फटींतली चाळीस वर्षांची धूळ घेऊन जा म्हणाले. जमशेदने ती पोत्यात भरून आणली आणि दोन दिवस परात झुलवली. हाती चार कण आले. सोनं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि ते आपल्या हातून वाहून चाललंय हेही. तिसऱ्या दिवशी त्याने परात भिंतीला टेकवली आणि प्लायवूड आणायला गेला.

प्लायला त्याने शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला, तीन हात देऊन पॉलिश पेपरने घासला. वरच्या कडेला प्लॅस्टिकचा पाइप बसवला, तापवलेल्या सुईने त्याला ओळीने भोकं पाडली. खाली टब, टबात जुन्या कूलरचा पंप. गवंड्याकडून पातळी बघायची पाण्याची नळी मागून आणली आणि फळा डावीउजवीकडे अगदी समपातळीत आणला. पंप सुरू केला तर धारा वेगवेगळ्या वाहू लागल्या. वर सुती फडकं अंथरल्यावर पाणी एकसारखं पसरलं. तेव्हा त्याला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. सगळं काम फक्त पाच दिवसांचं निघालं होतं.

पण माती सोडली तर सोनं बसेना. पिवळी भुकटी पाण्यावर तरंगत थेट टबात गेली. उतार कमी केला, पाणी कमी केलं, तरी तेच. शेवटी त्याने दुआला फोन लावला.

“अब्बा, रिठ्याचं पाणी टाकलं का?” दुआने विचारलं.

“रिठा कायले?”

“सोन्याले तेलकटपणा असते ना, म्हणून थे तरंगते. अम्मी परातीत रिठ्याचं पाणी टाके.”

 दर हिवाळ्यात रिठे उकळताना जमशेदने अमीनाबीला पाहिलं होतं. केस धुवायला असतील असं समजून त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“तुले तिनं सांगतलं होतं?”

“सांगतलं नाई. मी पाहत होती.”

पस्तीस वर्षं तोही शेजारीच बसत होता. त्याचं लक्ष तळाच्या रेघेवर असायचं.

दुसऱ्या दिवशी टबात रिठ्याचं पाणी पडलं आणि फळ्याच्या वरच्या अंगाला सोनं उमटू लागलं, काळ्यावर पिवळं, हळूहळू दाट होत. जमशेदने ते उचललं नाही. पंप चालूच ठेवला आणि दुआला यायला सांगितलं. ती दुपारच्या एसटीने आली आणि चप्पल काढून फळ्यापाशी बसली. मग ओल्या बोटाने तिने सोनं वाटीत ओढून घेतलं. बोट वळवण्याची लकब हुबेहूब आईची होती. जमशेदने तोंड फिरवलं.

मुशीत वितळवल्यावर वाटाण्याएवढा गोळा झाला. दौलतरावांनी तो हातात घेऊन पाहिला. यात आमच्या वडिलांच्या वेळचंही सोनं असेल, म्हणाले.

चार दिवसांत सगळी धूळ धुऊन झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी दुआने विचारलं, फळा मालेगावला नेऊ का. तिथल्या दोन सोनारांनी केर द्यायचं कबूल केलंय. जमशेदला नाही म्हणावंसं वाटलं. अमीनाबीसाठी केलेली तेवढी एकच वस्तू त्याच्यापाशी होती, तीही तिने न पाहिलेली.

“ने,” तो म्हणाला. “पण गार पाण्यात हात जास्त नोको ठेवत जाऊ.”

सकाळी टेम्पो आला. त्याने स्वतः फळा वर चढवला, खाली गोधडी घातली, दोरी बांधली. टेम्पो वळणाआड गेला. पोरगी शिकली, हे आत जाऊन अमीनाबीला सांगावं असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचे पाय दाराकडे वळलेही.