अम्पारोच्या खोलीचं पाणी

तपासणीच्या बाई चार मेला सकाळी नऊ वाजता येणार होत्या आणि दोन मेच्या संध्याकाळी नव्या बेसिनच्या नव्या नळातून चिंचेच्या सरबतासारखं पाणी आलं.

एवोदियो ते पाणी बघत उभा राहिला. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी नळाला, मग गवंड्याला आणि शेवटी देवाला शिव्या घातल्या असत्या. एवोदियोनं नळ बंद केला आणि फडक्यानं बेसिन पुसून घेतलं. गेले बावीस दिवस त्याचं हे असंच चाललं होतं. माणूस उठत होता, बसत होता, सांगितलेलं काम करत होता, पण आतला दिवा कुणीतरी मालवून गेल्यासारखा.

बावीस दिवसांपूर्वी त्याची बायको अम्पारो इस्पितळात गेली. साखरेच्या आजारानं तिच्या दोन्ही किडन्या निकामी केल्या होत्या. डॉक्टरांनी पोटात एक नळी बसवली आणि सांगितलं, आता दिवसातून चार वेळा या नळीतून औषधाचं पाणी आत सोडायचं आणि घाण घेऊन आलेलं पाणी बाहेर काढायचं. हे काम घरी होतं, नवऱ्यालाही शिकता येतं. फक्त त्यासाठी घरात एक वेगळी खोली हवी. भिंती गुळगुळीत, धुता येतील अशा. पडदा नको, गालिचा नको. खोलीतच बेसिन आणि त्याला स्वच्छ पाणी. इस्पितळाच्या बाई येऊन खोली बघणार, पास करणार, मगच बायको घरी. ही तपासणी हुकली तर पुढची पाळी जूनमध्ये. तोवर अम्पारो त्याच बारा खाटांच्या वॉर्डात राहणार होती. तिथे तिच्या शेजारची बाई मागच्याच आठवड्यात पोटात जंतुसंसर्ग होऊन गेली होती.

पुएब्ला शहरातल्या त्या घरात अशी खोली करायला एकच जागा होती, ती म्हणजे गॅरेज. अठ्ठावीस वर्षं एवोदियोनं तिथे लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. ते त्यानं चार दिवसांत रिकामं केलं. जॅक, पान्यांची कपाटं, इंजिन उचलायची साखळी, सगळं पुतण्याच्या टेम्पोत गेलं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा एवोदियोनं स्वतःच्या आत जरा चाचपून पाहिलं. काहीच सापडलं नाही. मग तो फरशीवरचं तेल खरवडायला बसला.

रविवारी भेटायला गेला तेव्हा अम्पारो त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. तो तिला टाइल्सचा रंग सांगत होता.

"एवोदियो, तू माझ्याशी टपालखात्याच्या खिडकीत बसल्यासारखा बोलतोयस," ती म्हणाली. "मी मेलेय का?"

"नाही."

"मग?"

त्यानं तिच्या पांघरुणाचं टोक नीट केलं आणि भेटीची वेळ संपायच्या आतच तो उठला.

तर आता हे तपकिरी पाणी. कामाला होता त्रिनी. नुसता गवंडी नव्हे, एवोदियोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला, म्हणजे रक्ताच्या भावाहून जवळचा कोंपाद्रे. भिंत बांधणारा तोच आणि नळ जोडणाराही तोच. त्यानं गॅरेजमधले जुने, गंजलेले लोखंडी पाइप काढून तांब्याचे टाकले होते. एकच पाइप ठेवला होता. गच्चीवरच्या टाकीतून भिंतीच्या आतून खाली येणारा. तो सव्वीस वर्षांपूर्वी त्रिनीनंच घातला होता आणि घालताना "तुझी नातवंडं याचं पाणी पितील" असं छाती ठोकून सांगितलं होतं. स्वतःच्या हाताची भिंत फोडायची म्हणजे स्वतःचंच नाक कापायचं. त्रिनीनं त्यापेक्षा तिच्यावर गिलावा केला, वर पांढरा ऑइलपेंट मारला.

"तोच गंजलाय," त्रिनी शेवटी म्हणाला. टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं. "माझाच पाइप. घाल शिव्या."

"बदलावा लागेल," एवोदियो म्हणाला.

"बदलू. परवा पहाटे चारला येतो."

"परवा नऊला त्या बाई येणार. उद्या का नाही?"

त्रिनीनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं चर्चमध्ये विडी पेटवली होती. "उद्या तीन मे, कोंपाद्रे! पवित्र क्रूसाचा दिवस. उद्या गवंडी हत्याराला हात लावत नाही. लावला तर त्या वर्षी कुणीतरी परांचीवरून पडतं. माझ्या बापानं लावला नाही, मी लावला नाही. तुला ठाऊक नाही होय?"

"ठाऊक आहे. बरं."

"बरं काय बरं! भांड ना माझ्याशी!" त्रिनी ओरडला. "भिंतीशी बोलतोय का मी? भिंत तरी आवाज परत देते!"

एवोदियोनं त्याला दारापर्यंत सोडलं आणि बादली जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यानं स्वतःच छिन्नी-हातोडी घेतली. गावभर जिथे जिथे बांधकाम होतं तिथे फटाके वाजत होते. त्याच्या गॅरेजमध्ये ताज्या पांढऱ्या भिंतीचे पापुद्रे खाली पडत होते. नऊच्या सुमारास त्रिनी आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, हातात रंगीत कागदाची फुलं लावलेला लाकडी क्रूस. ज्या जागी काम चालू असेल तिथे तो लावायचा, मालकानं गवंड्याला जेवू घालायचं आणि त्या दिवशी कुणी कुणाचा मालक नाही, अशी रीत.

भिंतीतलं ते भगदाड बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"ठेव ती छिन्नी खाली."

"मी गवंडी नाही. मला चालतं."

"तू गवंडी नाहीस हे भिंतीकडे बघून आंधळाही सांगेल." त्रिनीनं क्रूस खिडकीत टेकवला, हवेचा वास घेतला, स्वयंपाकघराच्या दिशेनं मान वळवली. "आणि जेवण?"

एवोदियो विसरला होता. आजवर त्याला लक्षात ठेवायची कधी वेळच आली नव्हती. काम असो नसो, दर तीन मेला त्रिनी घराचा जुना क्रूस नव्यानं सजवायला यायचा आणि अम्पारो त्याच्यासाठी मोले, मिरच्या-तिळाचा तो दाट रस्सा, करायची. ते सगळं तिच्या खात्यातलं होतं.

त्रिनीचा चेहरा पडला. भूक लागली म्हणून नव्हे. सत्तरीचा माणूस आमंत्रण नसलेल्या लग्नाला आल्यासारखा दारात उभा होता. एवोदियोनं हात धुतले आणि फ्रीज उघडला. बर्फाच्या कप्प्यात, मटाराच्या पिशवीखाली, आइस्क्रीमचा जुना डबा होता. वर चिकटपट्टी, तिच्यावर अम्पारोचं वेडंवाकडं अक्षर: "त्रिनी, ३ मे."

इस्पितळात जायच्या आधी, उभं राहता येत नव्हतं त्या दिवसांत, तिनं मिरच्या भाजल्या होत्या, तीळ-बदाम वाटले होते. एवोदियोनं ते अक्षर वाचलं, आणि पातेलं चढवलं. कोंबडी उकडली, गोठलेला मसाला रश्शात विरघळवला, कोपऱ्यावरून मक्याच्या गरम पोळ्या, तोर्तिया, आणल्या. एक चमचा चाखून पाहिला. तोंडात ओला चिखल घेतल्यासारखं लागलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. बावीस दिवस सगळंच असं लागत होतं.

गॅरेजमध्ये दोन बादल्या उलट्या टाकून ते दोघे बसले. त्रिनीनं छातीवर क्रूसाची खूण केली, तोर्तियाचा तुकडा मोले माखून तोंडात घातला, चावला, थांबला.

"कोंपाद्रे, हे काय?"

"अम्पारोचं आहे."

"ते कळलं. मीठ कुठाय?"

एवोदियोनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"अरे, मीठ! डॉक्टरनं बंद केल्यापासून ती अळणीच रांधते आणि शेवटी आपल्या दोघांपुरतं घालते, वर्ष झालं. तू चाखलंस ना?"

"चाखलं. मला वाटलं, मलाच चव लागत नाही."

त्रिनीनं तोंडातला घास गिळला आणि यावेळी थट्टा केली नाही. उठून आत गेला, मूठभर मीठ आणलं, पातेल्यात टाकून लाकडी पळीनं ढवळलं आणि पळी एवोदियोच्या तोंडाशी धरली. आजारी पोराला धरतात तशी.

आधी मिरची आली. मग तिळाची भाजकी चव, मग दालचिनी, आणि अगदी मागून ती थोडी जास्त भाजलेली कडवट चव, जी अम्पारोच्याच हाताची होती. तीस वर्षं तो त्याबद्दल कुरकुर करत आला होता. आता त्याला भीती वाटली. सरळ, लहान मुलाला अंधाराची वाटते तशी भीती. ती मरू शकते. त्या वॉर्डात, जूनपर्यंत, शेजारच्या बाईसारखी. बावीस दिवस हे त्याला माहीत होतं आणि बावीस दिवसांत पहिल्यांदाच कळलं.

"त्रिनी," तो म्हणाला, "आज हा पाइप झाला पाहिजे."

"मी हत्याराला हात लावणार नाही."

"नको लावू. पण झाला पाहिजे. नाही झाला तर तुझा हा क्रूस तुझ्याच डोक्यात घालीन. उद्या ती बाई परत गेली तर मी काय करू? सांग ना, काय करू मी?" शेवटचे शब्द त्यानं इतक्या मोठ्यानं म्हटले की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं.

त्रिनीनं तोर्तियानं ताटली पुसून काढली. "आत्ता कसं माणसासारखं बोललास," तो म्हणाला. "सुटी माझ्या हातांना आहे. जिभेला कुणी दिलीय? घे छिन्नी. वरून सुरू कर, गाढवा, खालून नाही."

मग त्रिनी दिवसभर बादलीवर बसून राहिला आणि त्याच्या जिभेनं अंगावर काटा येईल इतकं काम केलं. एवोदियोनं त्याच्या शिव्यांच्या तालावर भिंत फोडली, गंजून कांद्यासारखा सोलून निघणारा पाइप तुकड्यातुकड्यानं काढला, तांब्याचा बसवला. गाड्यांवर हात चाललेला माणूस, बर्नर त्याला नवा नव्हता. फक्त खालचा सांधा झाळेना. आडव्या पाइपातून पाणी ठिबकत होतं आणि ओल्या तांब्याला कथलाची झाळ धरत नाही.

"पाव आण," त्रिनी म्हणाला.

"आत्ताच जेवलास ना?"

"माझ्यासाठी नाही रे! पावाचा मऊ गर कोंब त्या पाइपात. पाणी शोषून घेतो. झाळ बसली की पाण्यात विरघळून निघून जाईल. चाळीस वर्षांची विद्या फुकट देतोय तुला, तीसुद्धा सणाच्या दिवशी."

सांधा बसला. दिवस मावळायच्या आत भिंत बुजली. नळातून आधी हवा आली, मग पावाचे पांढरे कण, मग पाणी. एवोदियोनं ते काचेच्या ग्लासात धरलं आणि पलीकडचा त्रिनी दिसतो का ते पाहिलं. दिसत होता.

चार मेला नऊ वाजून दहा मिनिटांनी तपासणीच्या बाई, नोएमी आरिस्पे, आल्या. फाइल, चष्मा, घाई. त्यांनी दार बघितलं, खिडकी बघितली, नळ सोडून घड्याळ लावून दोन मिनिटं पाणी वाहू दिलं. मग भिंतीवरून तळवा फिरवला आणि कालच्या गिलाव्याच्या करड्या पट्ट्यापाशी थांबल्या.

"हे ओलं आहे. रंग नाही."

"हो. पाइप बदलला."

"काल? तीन मेला?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठला गवंडी मिळाला तुम्हाला?"

"मिळाला नाही. शिव्या द्यायला एक होता."

नोएमीबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण पेन हललं नाही. "नियमानं मी हे पास करू शकत नाही, सिन्योर. धुता येणारी भिंत हवी. जूनमध्ये परत—"

"नाही मॅडम." एवोदियो त्यांच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज फाटला होता. "जून नाही. मी आजच रंग मारतो. तुमच्यासमोर मारतो. तुम्ही बसा, नाहीतर संध्याकाळी या, नाहीतर मी फोटो आणून देतो. जूनपर्यंत ती तिथे राहणार नाही. मी राहू देणार नाही."

आणि तो रडायला लागला. तोंड न झाकता, हात खाली सोडून.

नोएमीबाईंनी फाइल पुन्हा उघडली. मग त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं. "औषधाच्या पाण्याच्या पिशव्यांची खोकी शनिवारी येतात. त्याआधी दोन हात रंग आणि मला फोटो. तो फोटो आला नाही तर मी स्वतः येऊन खोली बंद करीन." त्यांनी मोबाइल काढला, वॉर्डातल्या नर्सशी दोन वाक्यं बोलल्या आणि फोन त्याच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा तिला."

"हॅलो?" अम्पारोचा आवाज आला.

त्यानं मनात जुळवून ठेवलं होतं, खोली पास झाली, शनिवारी खोकी येतील. ते काहीच बाहेर आलं नाही.

"अम्पारो," तो म्हणाला, "मला खूप भीती वाटते."

पलीकडे वॉर्डातली एक ट्रॉली खडखडत गेली.

"आलास एकदाचा," अम्पारो म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "मलाही वाटते. मला वाटलं, मी इथे एकटीच घाबरतेय. ये, घेऊन जा मला. आणि चपला आण. माझ्या इथून कुणीतरी उचलल्या."