शेळ्यांना पाणी, तुर्कीत

आखाडा बाळापूरच्या भुजंगरावांची शितल तुर्कीच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप शेवटची. पास झाली तर वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याकडे तुर्की गिऱ्हाइकांशी बोलायची नोकरी पक्की. नापास झाली तर आत्यानं आणलेलं स्थळ पक्कं. स्थळाकडे आठ म्हशी होत्या आणि दुसरा विषय नव्हता.

पोरगी हुशार, पण क्लास इंग्रजीतून असल्यानं तिनं मनाशी धरलं होतं की तुर्कस्तानचा रस्ता लंडनवरूनच जातो. विचार मराठीत, मग त्याचं इंग्रजी, मग इंग्रजीचं तुर्की. इंग्रजी क्रियापद मधेच घुसवतं, तुर्कीला ते शेवटी लागतं. शितलचं वाक्य दरवेळी अर्ध्या वाटेत बसकण मारायचं.

परीक्षेच्या दिवशी तिनं अंगणातल्या बाजेवर तांब्याला मोबाइल टेकवला. पडद्यावर परीक्षक नर्मिनबाई आल्या, इस्तंबूलहून. पहिलाच प्रश्न सोपा होता: मागं उभे आहेत ते काय करतायत? मागं हौदावर भुजंगराव होते, अठरा शेळ्यांसह. शितल इंग्रजी पुटपुटू लागली. अर्धं मिनिट गेलं. नर्मिनबाईंनी पेन उचललं.

"काहून अडली गं?" भुजंगरावांनी बादली न ठेवता विचारलं.

"तुमी काय करून राहिले, ते इचारून राहिल्या."

"मंग सांग की. माझा बाप शेळ्यांना पाणी देऊन राहिला. त्याला इंग्रजी कशाला लागतं?"

शितल थांबली. बापाचं वाक्य तिनं जागचं हलवलंच नाही, नुसते शब्द बदलत गेली. बाबा तर तिकडंही बाबाच. 'माझा' म्हणायला मागं एक 'म' चिकटवला. केचि म्हणजे शेळी. मागं 'लेर' लावल्यावर पुष्कळ झाल्या, त्याच्याही मागं 'ए' लावल्यावर 'शेळ्यांना' झालं. सु, पाणी. वेरियोर, देऊन राहिला.

"बाबाम केचिलेरे सु वेरियोर."

नर्मिनबाईंनी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात एका शेळीनं शितलची ओढणी धरली. शितलनं तेही सांगितलं. ओढणी आत्यानं दिली होती, स्थळ बघायला येईल तेव्हा घालायच्या ड्रेसवरची, आणि ती शेळीला आवडून राहिली, हेही न अडता सांगितलं. शेळीनं ओढणी संपवली तरी शितलचं संपेना. शेवटी नर्मिनबाईंनीच हात जोडले. शंभरात एक्क्याण्णव.

वसमतला रुजू व्हायच्या दिवशी भुजंगराव तिला बाळापूरच्या स्टँडवर सोडायला आले. बस गेल्यावर त्यांनी स्टँडवर भेटलेल्या गावातल्या माणिकरावांना शांतपणे सांगितलं की तुर्की आपल्याला लहानपणापासून येते, शब्द तेवढे वेगळे आहेत. माणिकराव म्हणाले, मग बोला थोडी.

"बाप शेळ्यांना पाणी देऊन राहिला."

माणिकरावांनी डोळे मिटून ऐकलं.

"बराबर," ते म्हणाले. "एकबी शब्द कळला न्हाई."